चौदा फोन आणि माझा एक

फॉर्ममध्ये नाव विचारलेलं नव्हतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आपली उत्तरे पूर्णपणे गोपनीय राहतील. मी ती ओळ दोनदा वाचली आणि खरी मानली. इतकी वर्षं नोकरी करून छापील ओळीवर विश्वास ठेवणारी बाई परभणीत दुसरी सापडायची नाही.

एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी ऑफिसला आहे. हजेरी लावायची, गाड्यांची चलनं काढायची, पोत्यांची लेबलं छापायची, असं सगळं काम. करार अकरा महिन्यांचा, मग मधे थोडा खंड आणि पुन्हा करार. माझे मिस्टर विनाअनुदानित शाळेवर आहेत. ज्यांना त्याचा अर्थ माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की घर माझ्या करारावर चालतं, आणि तो दरवर्षी मे महिन्यात संपतो.

आमच्या शेडमध्ये सोयाबीनच्या बियाण्याची निवडणी चालते. एक लांब रबरी पट्टा फिरत असतो, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या राहतात आणि फुटका, डागी दाणा वेचून काढतात. त्या वर्षी चौदा जणी होत्या. एकमेकींना गावावरून हाक मारायच्या, म्हणून मलाही त्या तशाच माहीत. चारठाण्याची, झरीची, पाथरीवाली. पाथरीवाली पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहायची, कारण तिचे हात सगळ्यांत चलाख. आधी ती दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मुलगी नववीत गेली तेव्हा तिनं ठरवलं की आता कोयता बास, पोरीला शाळेतून काढायचं नाही, आणि ती रोज जीपनं परभणीला यायला लागली. हे काम सुटलं तर पुन्हा कोयता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

शेडच्या मागे बायकांचं बाथरूम होतं. होतं म्हणजे भिंती होत्या, दार होतं आणि दाराला कुलूप होतं. आत बारदाना भरलेला, म्हणजे रिकामी पोती. दोन वर्षं तसंच. बायका कंपाउंडच्या पलीकडे बाभळीत जायच्या. एप्रिलमध्ये शेजारचं रान मोकळं झालं की तोही आडोसा गेला. मग त्या पाणीच प्यायच्या नाहीत. पत्र्याखाली बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात सकाळी आठपासून पाचपर्यंत. माझं बरं होतं. ऑफिसच्या बाथरूमची किल्ली मॅनेजर साहेबांच्या टेबलामागच्या खिळ्याला असायची आणि ती मागायची मला परवानगी होती. पाथरीवालीनं एकदा सगळ्यांदेखत ती किल्ली मागितली होती. साहेब हसून म्हणाले होते, "मग एसीतच बस ना, बाई." ती पट्ट्यावर परत गेली, पण साहेबांनी ते ध्यानात ठेवलं.

तर एप्रिलच्या शेवटी तो फॉर्म आला. हेड ऑफिसनं सगळ्यांच्या फोनवर लिंक पाठवली, कामाच्या जागेबद्दल तुमचं मत सांगा म्हणून. साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, बायकांचं तुम्हीच भरून टाका. नीट भरा." 'नीट'वर त्यांनी किंचित थांबून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझी मान फार लवकर हलते, ही माझी जुनी खोड आहे.

आमच्याकडे फोनवरचं काहीही असलं की ते माझ्याकडेच येतं. गॅसचं, रेशनचं, पीकविम्याचं. ओटीपी आला की बायका पट्ट्यावरून हाका मारतात. त्यामुळे कुणाला काही विचित्र वाटलं नाही. ज्यांच्याकडे बटणांचा फोन होता त्यांनी नवऱ्याचा नाहीतर पोराचा मागून आणला. एकेक जण यायची, टेबलावर फोन ठेवायची, म्हणायची, "बरंच लिव्हा म्याडम, आपल्याला काय करायचं," आणि कामाला जायची. मी सगळीकडे 'पूर्ण समाधानी' दाबत गेले. तेरा फोन झाले तोवर अंगठ्याला सवयच लागली होती.

चौदावी पाथरीवाली. ती फोन ठेवून गेली नाही. टेबलाशी उभीच राहिली.

"म्याडम, ह्याच्यात बातरूमचं लिव्हता येतंय का?"

"येतं की."

"मग लिव्हा. म्हणावं, बायका दिसभर पाणी पिईनात. झरीचीला मागच्या हप्त्यात चक्कर आली, तेबी लिव्हा. माह्या नावानं लिव्हलं तरी चालतंय."

"नाव लिहायचंच नाहीये त्यात," मी म्हणाले.

"मग तर लयच ब्येस," ती म्हणाली आणि गेली.

मी तिचा फोन हातात घेऊन बसले. केबिनच्या काचेतून साहेब दिसत होते. मला तिची भीती वाटली, म्हणजे तिच्यासाठी वाटली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. लिंक तिच्या नंबरवर आली होती. नाव नसलं तरी नंबर आहेच ना, कुणी काढलं तर? मग तिला पुन्हा कोयता, पोरीची शाळा बंद. आपण हिचं भलंच करतोय, असं मनाशी म्हणत मी तिच्याही फोनवर सगळीकडे 'पूर्ण समाधानी' दाबलं. बाथरूमच्या प्रश्नालाही. शेवटची 'आणखी काही सांगायचे आहे का' ही चौकट रिकामी सोडली. फोन परत घेताना ती म्हणाली, "झालं?" मी म्हणाले, "झालं."

दुपारी डबा खाऊन मी ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि माझी मलाच किळस आली. मग माझ्या फोनवर माझा फॉर्म उघडला आणि त्या चौकटीत लिहिलं: महिला कामगारांचे स्वच्छतागृह दोन वर्षांपासून बंद असून त्यात बारदाना ठेवला आहे. महिला दिवसभर पाणी पीत नाहीत. एकीला चक्कर आली होती. पाठवून दिलं. खूप मोकळं वाटलं. तिचं तिच्या फोनवरून नाही गेलं तर माझ्यावरून गेलं, हिशोब झाला, असं वाटलं.

मी रोज हजेरी मांडणारी बाई. चौदा अधिक एक पंधरा होतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण चौदा सारखे आणि एक वेगळा असला की काय होतं, हे त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

आठ दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. समोर एक कागद होता. हेड ऑफिसनं उत्तरं जशीच्या तशी पाठवली होती, नावं काढून, पण पुरुष वेगळे आणि महिला वेगळ्या करून. महिला पंधरा. चौदा जणी पूर्ण समाधानी. पंधरावीच्या खाली माझी तीन वाक्यं.

"लिहिलंय तुम्हीच, ते मला कळतं," साहेब म्हणाले. "सगळे फोन तुमच्याच हातात होते. तुमचा काही दोष नाही, त्यांनी सांगितलं ते तुम्ही लिहिलं. फक्त कुणी सांगितलं तेवढं सांगा."

माझं उत्तर असेल हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. ज्या बाईला किल्ली मिळते तिला बाथरूमचं काय दुखणं असणार? मी म्हणाले, "साहेब, चौदा जणी होत्या, आता नीट आठवत नाही." ते म्हणाले, "आठवा. उद्यापर्यंत वेळ आहे. तुमच्या कराराचे कागदही उद्याच पाठवायचेत." आवाज अगदी गोड होता.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते वह्या तपासत होते. पेन खाली न ठेवता म्हणाले, "कुणाचं नाव घेऊ नकोस. स्वतःचंही नको." त्यांनी असं म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं. तरी जेवण गेलं नाही. 'त्यातलं कुणी नाही' म्हणावं तर राहिले मीच. 'आठवत नाही' म्हणावं तर त्यांच्या डोळ्यांसमोर पाथरीवाली उभीच होती, तिनं किल्ली मागितली होती. म्हणजे मी गप्प बसले तरी नाव तिचंच निघणार होतं, आणि हे मला पक्कं कळत होतं. कळूनही मी सकाळी आठवत नाही असंच म्हणायचं ठरवलं. भित्र्या माणसाला कमी कळतं, असं लोकांना उगाच वाटतं.

सकाळी साहेबांनी मला विचारलंच नाही. ते सरळ शेडमध्ये गेले, पट्टा बंद करायला लावला आणि मला बाजूला उभं केलं. पट्टा थांबला की शेडमध्ये एकदम शांत होतं, बायका आपोआप एकमेकींकडे बघायला लागतात. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "हे कुणाचं?"

पाथरीवालीनं हात झटकले आणि पुढे आली.

"माहं हाय, सायेब. म्याच सांगितलं व्हतं. म्याडमला कायबी बोलू नका, त्यायनी नुसतं लिव्हलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. उलट आनंद होता, आपलं म्हणणं कुणीतरी नीट शुद्ध भाषेत लिहून वरपर्यंत पोचवलं याचा. झरीचीच्या चक्करेचंसुद्धा आलं होतं ना त्यात. तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. "खरं का, मॅडम?"

चौदा बायका बघत होत्या.

"हो," मी म्हणाले.

शनिवारी शेडच्या मुकादमानं तिला सांगितलं की सोमवारपासून येऊ नको, काम कमी झालंय. पुढच्या आठवड्यात बाथरूममधला बारदाना निघाला, फरशी घासली गेली, नवी बादली आली. हेड ऑफिसला फोटो हवे होते. ते मीच काढले आणि मीच पाठवले. माझा करार झाला. बायका आता पाणी पितात. झरीची एकदा म्हणाली, "पाथरीवालीचं पुण्य," आणि मी लेबलं मोजायला लागले.

परवा गुरुवारी ती मला बसस्टँडवर भेटली. मी तिला आधी पाहिलं होतं आणि खांबाआड झाले होते, पण तिनंच गाठलं. वाळली होती. दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला चालली आहे, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झाली, मुलगी आताच बहिणीकडे राहायला गेली आहे. मी बसच्या पाट्या वाचायला लागले. तीच म्हणाली, "बातरूम उघडलं म्हणं? बास झालं. तुमी व्हत्या म्हणून, म्याडम. दुसरीनं माह्या सांगण्यावरून लिव्हलं असतं का?"

मी म्हणाले, "तुझी जीप निघेल."

"निघू द्या. पोरीला तुमचं लय कवतिक हाय. ती म्हणायली, त्या फारमात भरल्यालं समदं फोनात ऱ्हातंय म्हणं. मला तर ते कायबी गवसंना. ती काढून देते म्हणायली. आयतवारी मावशीकडून येणार हाय, तवा वाचून दाखवते म्हणायली मला, माहं काय काय लिव्हलं ते."

तिचा नंबर माझ्याकडे आहे. हजेरीपटात अजून आहे. गुरुवारी रात्री आणि काल दिवसभर मी तो कितीदा तरी काढला. फोन लागला तर पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं, ते अजून ठरत नाही. आज शनिवार आहे.