ज्यानं ऐकलं, त्यानंच न्यायचं

नर्सिंगच्या बॅचमध्ये आम्ही सगळ्या तिला मास्तरीण म्हणायचो. चादरीची घडी चुकली तरी थांबवून सांगणार! पुढे मी या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर झाले आणि ही बया पन्नाशीच्या तोंडावर डॉक्टरेट करायला बसली. विषय काय, तर पेशंट का पडतात. "अगं, एवढं शिकून शेवटी बाथरूमचाच रस्ता?" असं मी तिला चिडवायचे. ती हसायची आणि पडलेल्या माणसांच्या पलंगाशेजारी स्टूल टाकून त्यांचं ऐकत बसायची.

खोटं कशाला बोलू, तिनं जे शोधलं ते आमच्या नाकासमोर असून आम्हाला कधी दिसलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, म्हातारी माणसं ऐकत नाहीत, न सांगता उठतात. ती म्हणाली, सांगतात. एकदा सांगतात. कुणी आलं नाही की दुसऱ्यांदा मागायची लाज वाटते, मग आपले आपणच उठतात. वर पडल्यावर दोषही स्वतःकडेच घेतात. त्यावरून तिनं वॉर्डात नियम आणला. बाथरूमला जायचंय हे ज्यानं ऐकलं, त्यानंच न्यायचं. मग ती सिस्टर असो, मावशी असो, नाहीतर डॉक्टर. डॉक्टरांनी नाकं मुरडली, पण पडणं खरंच कमी झालं. मग तिच्यासाठी नवी जागा निघाली. डॉक्टरांच्या बरोबरीनं राउंड घ्यायचा, ऑपरेशननंतर कुणाला कधी उठवायचं, कुणाची लघवीची नळी काढायची, यात तिचा शब्द. नर्सचं ऐकायला डॉक्टर थांबलेत, हे बघून माझा ऊर भरून यायचा.

गेल्या आठवड्यात सकाळचा राउंड नुकताच आटोपला होता आणि धाडकन आवाज आला. खिडकीजवळचे शिंपीकाका जमिनीवर! पोटाचं ऑपरेशन छान झालं होतं, घरी जायची तयारी चालली होती, आणि आता खुब्याचं हाड मोडलेलं. "माझीच चूक, सिस्टर. कुणाला सांगितलंच नाही मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आमचे मोठे सर्जन धावत आले. म्हणाले, पेशंट न सांगता उठला, यात वॉर्डचा काय दोष? विषय मिटला.

माझा कसला मिटतोय! त्या बाजूला ड्यूटीवर असलेल्या पोरीला मी धारेवर धरलं. डोळे कुठे होते तुझे, पगार कशाचा घेतेस, नको नको ते बोलले. पोरगी रडकुंडीला आली. तेवढ्यात मास्तरणीनं माझा दंड धरून मला चादरींच्या खोलीत ओढलं.

"तिला बोलू नकोस. काकांनी मला सांगितलं होतं."

"काय?"

"राउंडमध्ये. माझी बाही धरून, हळूच. सर तेव्हा पलीकडच्या पेशंटबद्दल माझं मत विचारत होते, शिकाऊ डॉक्टर लिहून घेत होते..." तिनं समोरची चादर उलगडून पुन्हा घडी घालायला घेतली. "मला वाटलं, या सगळ्यांसमोर मी काकांना धरून बाथरूमला नेलं, तर परत नुसती सिस्टर होईन. म्हटलं, पाठवते कुणाला तरी. आणि विसरले गं."

आम्ही दोघींनी उभा जन्म लोकांचं हागणंमुतणं काढलं, कधी कमीपणा वाटला नाही. आणि हिला वाटला? हिला? तिच्याकडे बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी म्हणाले, "गप्प बस. सर म्हणालेत ना, मिटलं म्हणून? तुझी जागा जाईल, आणि परत कुठल्या नर्सला राउंडला उभं करणार नाहीत."

"काका माझ्यासाठी खोटं बोलताहेत गं," ती म्हणाली आणि तरातरा बाहेर गेली. मी मागोमाग.

काकांची मुलगी आली होती आणि बापावरच करवादत होती. "बाबा, किती वेळा सांगितलं, एकट्यानं उठू नका म्हणून! जरा हाक मारायला काय झालं होतं?" काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"त्यांना रागावू नका," मास्तरीण म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. मला. मी थांबले नाही."

"जाऊ द्या हो, कामात होता तुम्ही," काका तिकडे तोंड करूनच पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते.

मुलीनं तिच्या कोटावरचा बिल्ला वाचला. "तुम्ही डॉक्टर ना?"

"नर्स आहे. डॉक्टरेट केलेली."

"कशात?"

वाटलं, आता तरी काहीतरी गुळमुळीत बोल गं बाई.

"पेशंट का पडतात, त्यात."

मुलगी आरडाओरडा करील म्हणून मी पुढे झाले, पण तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग बाबांजवळ येऊ नका तुम्ही."

मास्तरीण "बरं" म्हणाली. काकांचं सगळं आता मी करते, आणि ती राउंडला आली की त्या पलंगापाशी न थांबता, मान खाली घालून पुढे जाते.