गामेद्झेंच्या घरचं दूध

सिफोफानेनीच्या पुलाअलीकडे पत्र्याच्या शेडांची एक रांग आहे. तिथं बस थांबली की ड्रायव्हर मागं वळून ओरडतो, "ज्याला जेवायचंय त्यानं शेवटच्या शेडमध्ये जा. बाकी ठिकाणी नुसतं पोट भरतं!" हे ऐकलं की पहिल्या शेडमधल्या ग्चेबिलेच्या अंगाचा तिळपापड होतो. पण दुपार झाली की तीसुद्धा आपलं भांडं झाकून लाशोंग्वेकडेच जेवायला येते, मग बोलणार काय?

लाशोंग्वे म्हणजे शोंग्वेंची लेक. नाव तिचं टेन्गेटिले. पण लग्न झालेल्या बाईला नावानं हाक मारायची इथं कुणाची टाप आहे? नवऱ्याच्या घरी उभा जन्म काढला तरी बाई बापाच्याच आडनावाची. ड्रायव्हर, पोलीस, उसाच्या ट्रकवरची पोरं, सगळ्यांची ती लाशोंग्वे.

तिच्याकडे काय मिळतं? तीन पायांच्या लोखंडी भांड्यात मक्याचा घट्ट घाटा रटरटत असतो, लिफालिशी म्हणतात त्याला. भोपळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी असते, तिच्यात हात न आखडता घातलेलं शेंगदाण्याचं कूट. गावठी कोंबडी असते, तीही अशी चिवट की चुलीनं हात टेकावेत. आणि ज्याच्यासाठी लोक वाकडी वाट करून येतात ते एमासी असतं. दूध वाळक्या भोपळ्यात विरजायचं, तळाच्या भोकातून निवळ काढून टाकायची, आणि उरलेलं गार, घट्ट, पांढरंशुभ्र वाडग्यात काढून वर भरडलेली ज्वारी घालायची. खालच्या मुलखातलं ते ऊन, आणि त्या उन्हात हा वाडगा! तिकडे एझुल्विनीच्या हॉटेलांत पांढऱ्या कापडावर जेवणारे पाहुणेसुद्धा कुणीतरी सांगितलं म्हणून इथं येतात, बाकावर आखडून बसतात आणि दुसरा वाडगा मागतात.

आणि ते एमासी लाशोंग्वेनं कधी चाखलेलं नव्हतं. एक बोटसुद्धा नाही.

ती भोपळा कानाशी धरून हलवायची. पातळ आवाज आला की परत ठेवून द्यायची, जड आवाज आला की झालं. नाकाशी धरायची, आतलं बोटांनी दाबून बघायची. जिभेला मात्र मज्जाव. कारण दूध यायचं गामेद्झेंच्या गोठ्यातून, म्हणजे तिच्या सासरहून, आणि ती त्या घरची सून.

सून घरात आली की तिला सगळं मिळतं. काम मिळतं, बोलणी मिळतात, पोरं होतात. दूध तेवढं मिळत नाही. सासरच्या माणसांनी तिला गोठ्याशी उभं करायचं, एका गाईकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ही तुझी, आता खा. मग ती त्या घरची झाली. कुणाला पहिल्या वर्षी मिळते गाय, कुणाला पहिल्या बाळाच्या वेळी. पण मागायची नसते. मागितली की गायही गेली आणि अब्रूही गेली. लाशोंग्वेनं मागितली नाही. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन न्हलान्गानोला गेली. नवरा खाणीत गेला, खोकत परत आला आणि सुपारीएवढासा होऊन मेला. गोठ्याकडे बोट कुणी दाखवलं नाही. सकाळी गुराखी दुधाच्या किटल्या शेडमध्ये आणून ठेवायचा, ती विरजायची आणि जगाला वाढायची.

"अगं, तू स्वतःच्याच गल्ल्यात पैसे टाक आणि स्वतःलाच वीक!" ग्चेबिले म्हणायची. "विकत घेतलं की दुधाला कूळ राहत नाही."

"दुधाला फसवीन गं. सासूला कशी फसवू?"

"मग दुकानातलं आण. पिशवीतल्या गाईला ना सासू ना दीर."

"ते तूच खा. भिंतीला लावायचा चुना आहे तो."

असं हसण्यावारी न्यायची. पण ज्वारी भरडायला बसली की तिची जीभ एकटीच माहेरी जायची. माहेर वरच्या डोंगरात, धुक्याच्या मुलखात. बाप भोपळ्याला कडुसर पाल्याची धुरी द्यायचा, म्हणून त्यांच्या एमासीला मागून एक किंचित तुरट धुराची चव यायची. भावंडं एकाच वाडग्यात चमचे घालून भांडायची. आता तिथं काय आहे? बाप गेला, भाऊ गेले, गुरं गेली, घर होतं तिथं पाइनची झाडं रांगेत उभी आहेत. बापाच्या गाईंचं दूध तिच्या हक्काचं होतं, तर त्या गाईच उरल्या नाहीत. सासरच्या गाई होत्या, तर हक्क नव्हता. या पृथ्वीच्या पाठीवर तिला कुठं वाडगाभर एमासी खायची सोय नव्हती. पण डोळे मिटले की ती चव जिभेवर यायची, अगदी रोज यायची, आणि तेवढ्यावर ती दिवस काढायची.

राग कुणावर? अर्थात सासूवर. म्हातारी लान्काम्बुले. ताठ, कमी बोलणारी, डोक्यावरचा रुमाल कधी तसूभर न ढळलेली. शेडमध्ये आली तर घाटा खायची, पाला खायची, कोंबडीची मान चघळत बसायची. एमासी पुढं केलं की वाडगा बाजूला सारायची. "नको. पोटाला सोसत नाही." दर वेळी हेच. लाशोंग्वेला ते काळजात घुसायचं. सोसत नाही म्हणे! माझ्या हाताचं सोसत नाही असं सरळ सांगा ना. म्हणजे गाय द्यायची नाही ती नाहीच, वर मी विरजलेलंसुद्धा विटाळ मानायचा. एवढं काय वाईट केलं मी या घराचं?

एकदा म्हातारीला डोळे दाखवायला मान्झिनीला जायचं होतं. बसला वेळ होता म्हणून ती शेडमध्ये बाकावर टेकली. लाशोंग्वे रीतीप्रमाणे खाली चटईवर बसून ज्वारी पाखडत होती. इतक्यात लावुमिसाकडून बस आली आणि डर्बनला नर्स असलेली एक पोरगी उतरली. सुट्टीवर घरी निघाली होती. तिनं आल्या आल्या एमासी मागितलं, उभ्या उभ्या अर्धा वाडगा संपवला आणि डोळेच भरून आले तिचे.

"माके, तिकडे स्वप्नात येतं हो हे," ती लाशोंग्वेला म्हणाली. आईच्या जागी असलेल्या बाईला इथं माके म्हणतात, आजीला गोगो. मग ती म्हातारीकडे वळली. "गोगो, तुम्ही नाही घेत?"

"नको बाळ. पोटाला सोसत नाही."

आणि इतकी वर्षं दाबून धरलेलं लाशोंग्वेच्या तोंडून निसटलं. "पोटाचं कशाला नाव घेता, माके? माझ्या हाताचं चालत नाही म्हणा. ऐकू दे सगळ्यांना!"

सुनेनं सासूला असं बोलायचं म्हणजे काय! पार पहिल्या शेडमधला ग्चेबिलेचा झारासुद्धा थांबला. म्हातारीनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. लाशोंग्वेला वाटलं, आता ही उठेल, चालू लागेल, आणि उद्यापासून किटल्या बंद.

"तुझ्या हाताचं?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या हाताला काय झालंय? मला त्या घरचं दूध कुणी दिलंच नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणजे काय? मी आले त्याच साली सासू गेली. सासरा म्हणाला, गुरं रोगानं मेलीत, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो गेला. नवऱ्याला काय, तो गोठ्यात उभा राहून दूध ढोसायचा, त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. मी काय मागायला जाऊ? मग लोक विचारायला लागले, का खात नाहीस? लाज वाटायची. म्हटलं, पोटाला सोसत नाही. ते चिकटलं ते चिकटलंच."

लाशोंग्वेच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आणि मला?"

"तुला कुठल्या तोंडानं देऊ? ज्या गाईचं मीच कधी खाल्लं नाही, ती तुला 'ही तुझी' म्हणून दाखवू? मीच त्या घरात उपरी." म्हातारीनं नाक पुसलं. "तू कधी बोलली असतीस तर..."

"मी बोलू? मागायचं नसतं ना, माके!"

"तेच ना. नसतंच."

काय बायका म्हणायच्या या! एकीनं विरजायचं, दुसरीनं त्याच्या किटल्या पाठवायच्या, सगळा मुलूख ओरपून जाणार, आणि दोघी एकमेकींना तुसड्या समजून उपाशी. लाशोंग्वेला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. मग म्हातारीनं त्या नर्स पोरीला हळूच विचारलं, "कसं लागतं गं आमच्या घरचं?"

पोरगी हसली. "चेष्टा करता का, गोगो? तुम्हीच करता आणि मला विचारता?"

"सांग की," लाशोंग्वे म्हणाली. तिनं मान खाली घातली होती, पण कान तिकडेच होते.

"गार लागतं. घट्ट आहे. आंबट, पण दात आंबत नाहीत असं. आणि..." पोरीनं खूप शोधलं, तिला शब्द मिळेना. "घरच्यासारखं लागतं." बसचा भोंगा वाजला आणि ती पळाली.

मान्झिनीहून परत आल्यावर म्हातारीनं आपल्या धाकट्या दिराला निरोप धाडला. गामेद्झेंच्या घरात वडीलधारा असा हा म्बेकेनी एकटाच उरला होता. तो काठी टेकत आला, सगळं ऐकलं आणि गदागदा हसला.

"काय गं वहिनी, दात पडल्यावर गाय मागतेस?"

"दात होते तेव्हा तुझा भाऊ विसरला. आणि दुधाला दात कशाला लागतात रे, मेल्या?"

"बरं बरं. म्हातारपणी नवरी हो!"

हसला खरा, पण काम त्यानं रीतसर केलं. दोघी गोठ्याच्या कुडाबाहेर उभ्या राहिल्या, अंगावर चांगल्या चादरी घेऊन. म्बेकेनी आत गेला. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या तांबड्या गाईकडे काठी करून म्हणाला, "लान्काम्बुले, ही तुझी. आता खा." म्हातारीनं मान हलवली. मग तिनं आपलं वाकडं बोट कुडावरून आत घातलं, करड्या गाईकडे रोखलं आणि सुनेला म्हणाली, "लाशोंग्वे, ही तुझी. खा बाई. उशीर झाला, राग धरू नकोस."

या क्षणाचं लाशोंग्वेनं मनात किती वेळा काय काय योजलं होतं! आनंदानं लकेरी घालीन, नाचेन, ग्चेबिलेला हाताला धरून आणीन. त्यातलं काही झालं नाही. ती कुडाशी मटकन खाली बसली.

मग अंगणात चटईवर दोघींपुढं दोन वाडगे आले. म्हातारीनं चमचा भरला, तोंडात घातला, डोळे मिटले. दुसरा घास. तिसऱ्याला तिनं पोटावर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि वाडगा खाली ठेवला.

"गेलं कामातून! इतकी वर्षं सोसत नाही, सोसत नाही म्हणत आले, ते पोटानं खरं धरलं की गं!" म्हातारी हसली, आणि हसता हसता तिला उमासा आला. म्बेकेनीनं तिला पाणी दिलं. तिनं आपला वाडगा सुनेकडे सरकवला. "तू खा. दोघींचं तू खा. आणि मला सांग कसं लागतं ते."

लाशोंग्वेनं खाल्लं. गार होतं, घट्ट होतं. आंबटपणा आधी गालांना लागला, मग ज्वारीचा भरड गोडवा आला. चांगलं होतं. खरंच फार चांगलं होतं. लोक वाकडी वाट करून का येतात ते तिला आज कळलं. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वाडगा संपवला.

"सांग की गं," म्हातारी म्हणाली.

सांगायचं तर कशाशी तरी ताडून सांगायला हवं. लाशोंग्वेनं डोळे मिटले आणि बापाच्या घरचं एमासी जिभेवर बोलावलं, रोज बोलवायची तसंच. धुराची ती तुरट चव मागून येते, ती. आलं ते हेच, समोरचं. तिनं पुन्हा बोलावलं. पुन्हा हेच आलं, गामेद्झेंचं. डोंगरातलं धुकं आठवलं, बापाचा हात आठवला, भावाचा चमचा आठवला. चव आली नाही. इतकी वर्षं रिकाम्या तोंडात जपून ठेवलेली होती, ती एका वाडग्यानं धुऊन गेली.

"चांगलं आहे, माके," ती म्हणाली, आणि तिला असं रडू फुटलं की चटईवर हात टेकावे लागले.

म्हातारीला अलीकडे नीट दिसत नव्हतं. तिनं चाचपडत सुनेचा खांदा शोधला, त्यावर थोपटलं आणि काळजीनं विचारलं, "का गं, फार आंबट झालंय का?"