मी दाणे खात नाही

शेंगदाणा माझ्या जिवावर उठतो, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल त्याला गणतीच नाही. निम्म्यांनी हसण्यावारी नेलं. उरलेल्यांनी ‘एका दाण्यानं काय होते?’ म्हणत दाणाच पुढे केला. मारेगावच्या डॉक्टरनं मी लहान असतानाच आईला बजावलं होतं की, दाणा पोटात गेला तर घसा सुजेल आणि पोरगी हातची जाईल. पण आमच्याकडे कूट नसलेली भाजी म्हणजे आजाऱ्याची भाजी. लग्नानंतर मी माझी भाजी वेगळ्या पातेल्यात करायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्याला नखरे म्हटलं. मी म्हटलं, नखरे तर नखरे, पातेलं चुलीवरून हलणार नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. गावात गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, आणि सगळे कर्जापायी जीव देऊन मेलेल्यांबद्दल विचारायचे. जिवंत बाई दुपारी काय खाते, हे एकानंही विचारलं नाही. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. घरच्या शेतावर भागेना, म्हणून मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागले.

आमच्या टोळीची म्होरकी पन्नाशीची एक बौद्ध बाई होती. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. ती म्हणेल ती बाई टोळीत, ती नाही म्हणेल ती घरी. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निंबाखाली सगळ्या गोल बसायच्या आणि आपल्या डब्यातलं थोडं थोडं एकमेकींच्या भाकरीवर ठेवायच्या. पहिल्याच दिवशी मावशीनं दाण्याची चटणी घेऊन हात पुढे केला आणि मी भाकरी झटकन मागे ओढली.

ती बौद्ध होती, मी नव्हते. मागे ओढलेल्या भाकरीचा तिथे एकच अर्थ होता.

“काहून वं? माह्या हातचं चालत नाही तुले?”

“हातचं चालते, मावशी. दाने चालत नाहीत. मरून जाईन मी.”

“दाने खाऊन मेलेलं मानूस म्या आजलोक पाह्यलं नाही. बहाने कायले सांगून राह्यली?”

मला रडू नाही, संताप आला. मी जात पाळते असं कोणी समजावं हे मला सहन होत नव्हतं, आणि ते खोटं ठरवायला विष खाणंही मंजूर नव्हतं. मी सरळ हात लांबवला, मावशीच्या डब्यातली भाकरी तोडली आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊन खाल्ली. वर तिच्याच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले. त्या भाकरीला खालून चटणी लागलेली होती. इतकी वर्षं प्रत्येक घास उलटून-पालटून बघणारी मी, त्या एका घासाला बघायची विसरले.

आधी ओठ सुजले, मग अंगभर गांधी उठल्या, मग श्वास अडकायला लागला. ऑटोत मारेगावला जाईपर्यंत मावशीनं मला छातीशी धरून ठेवलं होतं. “मले वाटलतं तू नाटक करून राह्यली,” ती सारखी म्हणत होती. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नाहीतर तिथंच भांडले असते. दवाखान्यात इंजेक्शनं दिल्यावर घसा मोकळा झाला.

आठ दिवसांनी मी पुन्हा वेचणीला गेले. सासूबाई नको म्हणत होत्या, म्हणून तर नक्की गेले. दुपारी बघते तर बायांनी माझ्यासाठी धुऱ्याच्या पलीकडे, लांब एक पोतं अंथरलेलं. माझ्या जिवाला जपायचं म्हणूनच केलं होतं त्यांनी. तरी मी डबा घेऊन तशीच उभी राहिले. मला तिकडे जायचं नव्हतं.

मावशीनं ते पोतं उचललं, झटकलं आणि आणून आपल्या शेजारी टाकलं.

“येगळं बसनं काय असते, ते मले इचारा,” ती म्हणाली. “पोरगी इथंच बसन. उद्यापासून दाने घरी ठेवाचे. आजचे आनले असन, ते तुमी तिकडे जाऊन खा.”

“एकीसाठी साऱ्यायनं?” एक जण कुरकुरली.

“हो,” मावशी म्हणाली. “एकीसाठी साऱ्यायनं.”