पडलेल्याला न पाडणारा

माझ्या दिराला, रंगनाथला, अख्खं गाव सज्जन म्हणतं. म्हणोत बापडे. त्याच्या घरात मी नांदले आहे.

रंगनाथ आणि माझे मालक जगन्नाथ जुळे. शाळकरी वयात दोघं भाजीच्या गाडीबरोबर पंचवटीत जायचे आणि व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये एकमेकांशी लढायचे. यांचं बटण अडकलं की रंगनाथ हात आवरायचा, ते सुटेपर्यंत थांबायचा आणि मग यांना पार धुवायचा. जिंकल्यावर हसायचाही नाही.

सन दोन हजारात सासरे गेले. ते गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या मागे ज्याला पागोटं बांधतील तो घरचा कर्ता, आणि गाव खुर्चीही त्यालाच देणार, हे उघड होतं. रंगनाथ आधी जन्मलेला, म्हणून दहाव्याला त्यानं पागोटं बांधणाऱ्या मामांपुढे मान वाकवली. तेवढ्यात हे म्हणाले, "मामा, पोटात आधी राहतो तो मागून येतो. थोरला मी." आमच्याकडे तसं मानतातच. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि पागोटं यांना बांधलं. वाकवलेली मान रंगनाथला गावादेखत तशीच वर घ्यावी लागली.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर ट्रॅक्टर उलटून यांची मांडी मोडली. विरोधक रंगनाथकडे धावले. "जगनविरुद्ध भर फॉर्म. आता समोर हाय कोण?"

"पडलेल्याला मी पाडत नाय," तो म्हणाला. उलट यांच्याच पॅनेलमधून तो संचालक झाला आणि दारोदार फिरून त्यानं यांना खाटेवरून निवडून आणलं. रोज सकाळी काखेत धरून बांधावरून चालवलं. भाऊ तो भाऊच, म्हणून मी देवापुढे रडले.

एकदा हे म्हणाले, "रंगा, मागचं इसरला ना तू?"

"पाय नीट टेक," एवढंच उत्तर आलं.

यांची काठी सुटली आणि तो दारात आला. "जगन, आता तू धड हायेस. उद्या तुझ्यावर अविश्वास ठराव आणतोय. माणसं जमवायची तर जमव."

जमवणार कुठून? सगळे संचालक त्यानं आधीच फिरवले होते. सभेत यांच्या बाजूनं एकच हात वर झाला, तो यांचाच. सासऱ्यांच्या खुर्चीत रंगनाथ बसला. त्या दिवसापासून यांनी पुन्हा काठी धरली. डॉक्टर म्हणतात, हाड ठणठणीत आहे.

कारभार त्यानं चोख केला, खोटं कशाला बोलू? पण यांना काठी टेकताना बघितलं की माझं काळीज जळायचं.

दोन हजार आठची निवडणूक आली आणि रंगनाथ काविळीनं दवाखान्यात पडला. उशीवरून मान उचलवेना. तेच विरोधक आता माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही उभ्या राहा. तो काय उठत नाय."

हे मध्ये पडले. "नको. मी पडलो व्हतो तवा त्यानं माझ्याविरुद्ध फॉर्म भरला नव्हता."

"तो नियम भाऊजींचा हाय," मी म्हटलं, "माझा नाय." आणि फॉर्मवर सही केली.