कवड्या की कांडर

सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो आणि कडावला दादाच्या घरी राहू लागलो. अजूनही साडेपाचला उठतो, दाढी करतो, मगच चहा. घरचे हसतात. हसू देत.

त्या दिवशी सकाळी सात वीसला परसातून वहिनींची किंकाळी आली. चुलीसाठी फाटी काढताना बोटाला साप चावला होता. हातभर लांब, तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे.

“भावजी, कांडर हाय वो! मी काय आता वाचत नाय.”

आमच्याकडे मण्यारीला कांडर म्हणतात. दादाने काठी उचलली.

“थम!” मी ओरडलो. उभ्या जन्मात दादाने माझं ऐकलं नव्हतं, पण काठी हवेतच राहिली.

“आरं, मारू नको तर काय पूजा करू?”

“आधी बघू दे. वहिनी, बसा. हात हलवू नका.”

लांबूनच फोटो काढला. पट्टे मानेपासूनच सुरू, शेपटीकडे पुसट. तेवढ्यात तो न्हाणीच्या उभ्या भिंतीवर सरसर चढला. कांडर अशी चढत नाही.

“कवड्या आहे, बिनविषारी. तरी दवाखान्यात जायचंच. दादा, गाडी काढ.”

सात अठ्ठावीसला निघालो. कर्जतला डॉक्टरांनी फोटो पाहून मान डोलावली, तरी वहिनींना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. परतीला गाडीत बसताच त्या म्हणाल्या, “फाटी तशीच भायेर पडली असंल.” मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो.

“तुमाला सापातलं येवढं कसं कळतं वो?”

मग सांगितलं. ईशान्येकडच्या एका पोस्टवर लान्स नाईक दत्ता माझ्या सेक्शनमध्ये होता. सकाळी पोट दुखतंय म्हणाला. अंगावर जखम दिसेना. मी सेक्शन कमांडर. ओवा दिला, म्हणालो, पुरी बाधली असेल, पड जरा. तासाभराने त्याच्या पापण्या मिटू लागल्या. वायरलेसवर हेलिकॉप्टर मागितलं.

“वेदर खराब. वेट. ओव्हर.”

दत्ता थांबला नाही. त्याच्या अंथरुणात मण्यार सापडली. तिचा दंश झोपेत कळत नाही, खूण दिसत नाही, आधी पोटच दुखतं. पट्टे कसे ओळखायचे ते पलटणीच्या डॉक्टर साहेबांनी आम्हाला त्यानंतर शिकवलं. तो ओवा मी स्वतःला कधीच माफ केला नाही.

गोळी लागली नव्हती, म्हणून त्याच्या गावच्या शहीद फलकावर त्याचं नाव नाही.

घरी येऊन वहिनींनी देवापुढे दिवा लावला आणि त्यात दुसरी वात ठेवली.

“ही दत्ताभावजींची,” म्हणाल्या.