पाठ लपवून उदगीरला

उन्हाळ्यात मराठवाड्यात फिरायला येऊ नये, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. नांदेडला आमच्या गल्लीतही नळाची वाट बघण्यातच सकाळ संपायची. तरी मी उदगीरला गेलो, कारण अक्काचा फोन आला.

अक्का माझी थोरली बहीण, उदगीरला दिलेली. दाजींची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. त्यांच्या मणक्यात नस दबली होती आणि डावा पाय दिवसेंदिवस लुळा पडत चालला होता. डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन लवकर करा. दाजी कानावर घेत नव्हते.

"तू नुसता येऊन त्यांच्यापुढं हिंड-फिर," अक्का म्हणाली. "तुझं तेच ऑपरेशन झालंय. तुला बघून धीर येईल त्यांना. न्हाईतर पाय जाईल रे त्यांचा."

अडचण एवढीच होती की माझी पाठ अजून दुखत होती. ऑपरेशनने पायातली कळ गेली, पाठ मात्र राहिली. सुरुवातीला मी विचारेल त्याला खरं सांगायचो. मग लोकांच्या चेहऱ्यावर 'अजून?' दिसायला लागलं, तेव्हा सांगणं सोडलं. बायकोने दवाखान्यात उशापायथ्याशी बसून दिवस काढले, भावांनी धावपळ केली, आणि एवढं सगळं होऊनही आपल्याला साधं बरं होता येत नाही, याची मला लाज वाटते. पुन्हा पुन्हा त्याच वर्गात नापास झालेल्या पोरासारखी. अक्काला तर मी 'काही त्रास नाही' असंच सांगून ठेवलं होतं.

नांदेडहून उदगीरची एसटी लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद अशी जाते. चार तास धरून चाला, रस्त्याचं काम चालू असेल तर जास्त. माझ्यासारखी पाठ असणाऱ्यांनी मागच्या चाकावरची सीट घेऊ नये, मधली घ्यावी. कमरेमागे छोटी उशी ठेवावी. गाडी थांबेल तिथे उतरावं, तेही दुखायला लागायच्या आधी. माझ्या फिजिओथेरपीच्या मॅडम सांगतात, दुखणं पार घालवायच्या मागे लागू नका, दिवस वाटून घ्या: थोडं बसणं, थोडं चालणं, थोडं पडणं. म्हणून अहमदपूरच्या स्टँडवर बाकीचे भजी खात होते आणि मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो.

"काका, गाडीला प्रदक्षिणा घालून राहिलात का?" कंडक्टरने विचारलं. मी पाय मोकळे करतोय म्हणालो. भजी खायची राहूनच गेली.

पुढे दोन्ही बाजूंना काळी उघडी रानं आणि रस्त्यावर टँकरमागून टँकर. माझ्या मागच्या सीटवर दोघांची वेगळीच चर्चा रंगली होती.

"या खेपंला उदगीर जिल्हा होतोच बघा."

"झाला तर पाणी येईल का?"

"पाणी न्हाई येणार. पण टँकर मागायला लातूरपत्तूर जावं लागणार न्हाई."

शिरूर ताजबंद गेल्यावर मी उशी बॅगेत कोंबली आणि कमरेचा पट्टा शर्टाखाली नीट झाकला.

दाजी स्टँडवर घ्यायला आले होते. श्वास रोखून वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो. "लई मोकळा वाकतो की रे मन्मथ!" ते म्हणाले. मी हसलो. पाठीतून जे गेलं ते सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी आम्ही किल्ल्यावर गेलो. उदगीरचा किल्ला जरूर बघा, पण ऊन उतरल्यावर जा, कारण दगड दिवसभर तापलेले असतात. पाणी सोबत न्या, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. दाजी चालताना त्यांची डावी चप्पल मध्येच पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मी मागून उचलून द्यायचो. खरं तर पायाने ढकलून द्यायचो, कारण ती उचलायला वाकणं मला जमत नव्हतं.

"रात्री झोप लागते का रे?" त्यांनी विचारलं.

"लागते की."

"अन् पाठ?"

"पाठीचं आता नावच नाही, दाजी."

हे बोलताना मी तटाला टेकून फोटो काढायचं सोंग करत होतो. फोटो मात्र छान आलेत. घरी अक्काने ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी केली होती. मांडी घालून पंगतीला बसलो आणि चव न कळताच जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. दारातल्या ड्रममध्ये पाणी घ्यायचं आणि कॅन भरभरून आत न्यायचे, अशी रीत. दाजींना उचलू देत नव्हते, ते ओट्यावर बसून होते. अक्का एकटीच वाहत होती आणि मी दाराला हात लावून उभा. बोलून चालून धडधाकट दिसणारा माणूस. शेजारची मावशी हसत म्हणाली, "एवढा दांडगा भाऊ हुबा हाय, अन् तुम्ही उचलून राहिल्या का अक्का?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. दाजींनीही. मी पुढे झालो आणि भरलेला कॅन उचलला.

दोनतीन पावलं गेलो असेन. पाठीत अशी चमक भरली की हाताची पकडच सुटली. मी गुडघ्यांवर खाली आलो आणि कॅन आडवा झाला. मला उठता येईना, कॅन सरळ करता येईना. बायकांनी धाव घेतली, पण पाणी त्यांच्या आधी मातीत जिरलं होतं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मघाचीच मावशी आपल्या वाट्यातली घागर घेऊन आली आणि मुकाट्याने अक्काच्या ड्रममध्ये ओतून गेली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मला आत चटईवर निजवलं. अक्का शेकायला पाणी तापवू लागली. "पाणी नको गं," मी म्हणालो. "गप पड," ती म्हणाली. शेकून झाल्यावर रबरी पिशवीतलं पाणी तिने भांडी घासायला काढून ठेवलं. माझ्या पाठीसाठी त्या घरात पाणी दुसऱ्यांदा खर्ची पडत होतं.

दाजी शेजारी येऊन बसले. माझा पट्टा त्यांना दिसला होता.

"कधीपासून हाय हे?"

"पहिल्यापासून. कमीजास्त होतं. गेलं नाही कधी."

"मग काल किल्ल्यावर?"

"खोटं बोललो."

दारात अक्का उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला बघून मला वाटलं, गेला दाजींचा पाय, आणि घालवला तो मीच.

"अन् तुझा पाय?" दाजींनी विचारलं.

"पाय चांगलाय, दाजी. ऑपरेशन त्याच्यासाठीच होतं. पाठ राहू शकते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मीच ते कानाआड केलं."

"बोटं वर करून दाखव."

मी करून दाखवली. दाजींनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. त्यांची बोटं हलली नाहीत.

"जो येतो तो म्हणतो, पहिल्यासारखे होता," ते म्हणाले. "मोंढ्यात कुणी माल एक नंबर हाय म्हणलं, की मी पोत्यात कोपरापत्तूर हात घालतो अन् तळातलं काढून बघतो. तळातलं कुणी दावतच नव्हतं मला." मग अक्काकडे वळून म्हणाले, "डॉक्टरला विचारू, काय जाईल अन् काय राहील. मग ठरवू."

अक्का माझ्याकडे न बघता आत गेली. माझ्यावर ती रागावली होती, आणि तिचं बरोबर होतं.

पाठ थोडी सैल झाल्यावर मी रेल्वेने परतलो. ती लातूर रोड, परळी, परभणी असा मोठा वळसा घेते, वेळ बराच जातो. पण उभं राहता येतं, फिरता येतं, बर्थ मिळाला तर आडवंही होता येतं. पाठ दुखणाऱ्यांनी डोळे झाकून रेल्वे घ्यावी. मला वरचा बर्थ आला म्हणून मी खालच्या बर्थवरच्या मुलीला विनंती केली, कारणही सांगितलं. ती लगेच उठली. त्यात एवढं अवघड काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दाजींचं ऑपरेशन पुढे लातूरला झालं. पाय हळूहळू उचलायला लागला, चप्पल पायात टिकायला लागली. पाऊस पडून गेल्यावर एकदा त्यांचा फोन आला. मागे पाहुण्यांचा गलका होता. कुणीतरी तब्येत विचारली आणि दाजी मोठ्याने म्हणाले, "एकदम झकास!" मग दार लावल्याचा आवाज आला, आणि ते अगदी हळू बोलले.

"मन्मथ, पाठ काही थांबंना रे. लोकाला सांगायची लाज वाटून राहिली."

मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, मनाने गोळ्या वाढवू नका, उठून थोडंथोडं चाला. मग आम्ही नुसतंच बोलत बसलो: कोणत्या कुशीवर झोपलं की बरं, खुर्चीतून उठायचं कसं, शिंक आली की काय धरायचं. शिंकेवर दोघंही हसलो.

फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटत होतं, ऑपरेशननंतर कधी वाटलं नव्हतं इतकं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याची पाठ दुखते हे ऐकून मला बरं वाटलं. याची जेवढी लाज वाटते, तेवढी सांडलेल्या पाण्याचीही वाटली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन मीच लावला.