त्र्यंबक आणि गाडीतला हीटर

अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा त्र्यंबक सोमलवार नोकरीत मोटारींचे हीटर डिझाइन करायचा. स्वतःच्या गाडीतला हीटर मात्र तो कुणाला लावू देत नसे.

२००५ साली त्याने एका जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या. उन्हाळाभर गाडी झकास पळाली. थंडीत तिची धाव निम्म्यावर आली आणि त्र्यंबकला बॅटरी वाचवण्याचा ध्यासच लागला. टायरमध्ये हवा भरपूर, सिग्नल दिसला की लांबूनच पाय वर, हायवे टाळायचा, प्लगला लावलेली असतानाच गाडी गरम करून घ्यायची. एकदा निघालं की हीटर बंद. बायको, सुलेखा, मांडीवर रजई घेऊन बसायची.

त्या जानेवारीत तिची आई, वसुधाताई, नागपूरहून आली होती. संक्रांतीचा कार्यक्रम दहा मैलांवरच्या एका शाळेत होता.

"आई, गाडीत जरा कमी बोला हं," त्र्यंबक नम्रपणे म्हणाला. "श्वासाने काच धुरकटते. मग ब्लोअर लावावा लागतो."

वसुधाताई जावयाचा मान राखून गप्प बसल्या. वाटेत बर्फावरून घसरून एक ट्रक आडवा झाला होता. रांग जागच्या जागी थांबली.

"बघा!" त्र्यंबक खुलला. "बाकीचे उभ्या उभ्या पेट्रोल जाळतायत. आपला खर्च शून्य!"

"त्र्यंबकराव, मला पाय आहेत का हो अजून?" वसुधाताईंनी विचारलं.

तेवढ्यात मागच्या पिकअपमधला दाढीवाला गोरा माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "तुमची गाडी बंद पडलीय का? माझ्याकडे येऊन बसा." सुलेखाने आईला धरलं, रजई उचलली आणि दोघी गेल्या.

रस्ता मोकळा झाल्यावर पिकअप त्र्यंबकला मागे टाकून निघून गेली. तो शाळेत पोचला तेव्हा दोघी चहा पीत होत्या.

"अर्धी बॅटरी शिल्लक आहे," तो आनंदाने म्हणाला.

"अर्धी? मग हीटर लावायचा होता की!"

"आई, परत जायचंय ना."

"ते तुम्ही जा," वसुधाताई म्हणाल्या. सुलेखाकडून घराची किल्ली घेऊन त्यांनी दुसऱ्यांच्या गाडीत जागा मिळवली. सुलेखाला नवऱ्याला एकटं सोडवेना. "मी येते, पण हीटर चालू," तिने बजावलं.

शाळेत चार्ज करायला प्लग सापडला नव्हता. त्र्यंबकने मुकाट्याने हीटर लावला. गाडी उबदार झाली. सुलेखाने स्वेटरही काढला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं वाटभर गप्पा मारत आली.

घराच्या अलीकडच्या वळणावर गाडी थांबली.

"मी म्हटलं होतं," त्र्यंबक हळूच म्हणाला. त्याचा हिशेब अगदी बरोबर निघाला होता, पण कौतुक करायला कुणी नव्हतं. दोघांनी उतरून गाडी ढकलायला सुरुवात केली. चढ बेताचा होता, बॅटऱ्यांचं वजन मात्र बेताचं नव्हतं. दारात पोचेपर्यंत सुलेखाच्या कपाळावर घाम आला होता.

आतून वसुधाताईंनी दार उघडलं. "इतका वेळ? आणि बाई, घाम? त्र्यंबकराव, हीटर एवढा कशाला हो वाढवायचा!"